हात कुणाचा फिरलाय?

गाडीत खोट सापडेना, म्हणून शेठचा जीव जळत होता.

खरं तर विकत घ्यायच्या आधी गाडी तपासणाऱ्याला खोट सापडली नाही तर त्याने खूश व्हायला हवं. पण शेठ पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता त्या जुन्या पिकअपखाली उताणा पडला होता आणि बॅटरीच्या उजेडात काहीतरी वाईट शोधत होता. चारही चाकांना जोर देणारी ही गाडी त्याच्या थोरल्या बहिणीला हवी होती. ताईची रोपवाटिका चढावर, आणि तिथला चिखल साध्या गाडीला दाद देत नव्हता. तिच्या आताच्या गाडीचा गिअरबॉक्स शेठच्याच गॅरेजात पुन्हा पुन्हा उघडला गेला होता आणि तरीही कण्हत होता.

खालून शेठला फक्त पाय दिसत होते. ताईच्या चपला आणि मालक आजोबांचे मळके कॅनव्हासचे बूट.

"गिअरची पेटी एकदाच खोललीय," आजोबा सांगत होते. "त्या मिस्त्रीचा हात फिरला, तेव्हापासून कुरकुर म्हणून नाही. तेल तेवढं मी बदलतो, त्याने सांगितलं तसं."

"याला म्हणतात काम!" ताई म्हणाली. "नाहीतर आमचा भाऊ. गॅरेज केवढं मोठं, पण गाडी जाते तशीच परत येते. ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय," शेठ खालून गुरगुरला.

आल्यापासून त्या मिस्त्रीचा जप चालला होता. ताईने शेठच्या कामाला शेवटचं बरं कधी म्हटलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं. आणि ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याचं तिला केवढं कौतुक! शेठच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्याला कळतही होतं.

गंज झाकायला लोक चेसिसला काळा रंग फासतात. त्याने नखाने खरवडून पाहिलं, पान्याने ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत. टायर चारही एका मापाचे. लो गिअर टाकून मघाशी चढावर नेली होती, तेव्हाही गाडी गुमान चढली. शाफ्ट दोन्ही हातांनी हलवला, पण सांध्यात जराही ढिलेपणा नाही. पेटीतलं तेल चिमटीत चोळलं, तर लोखंडाचा कण नाही. पेटीच्या बोल्टांना तर ते सैल होऊ नयेत म्हणून तार ओवलेली होती, एकेकाला पीळ देऊन. इतकी उठाठेव करतं कोण?

मग त्याला ती नळी दिसली. पेटीला श्वास घ्यायला एक भोक असतं, आणि गाडी पाण्यात उतरली की तिथूनच पाणी आत शिरतं. इथे त्या भोकाला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत नेली होती आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने, दोन गाठी मारून, बांधली होती.

पत्र्याच्या शेडच्या दिवसांत शेठ स्वतः असंच करायचा. आता गॅरेजातली पोरं करत नाहीत आणि काचेच्या केबिनमधून तो सांगत नाही. वेळ कुणाला आहे? पण युक्ती त्याचीच! म्हणजे त्याच्या हाताखालून गेलेल्या कुणीतरी विद्या चोरली होती, आणि आता त्याच विद्येवर त्याची सख्खी बहीण भाळली होती. उद्या ती गाडी घेऊन त्या चोराकडेच जाणार.

"ताई, नको घेऊस ही," शेठ म्हणाला. "पेटी गेलीय."

वर आजोबा हसले. त्यांना रागही आला नव्हता.

"पेटी नाही जायची, साहेब. ती खोलून पुन्हा जोडताना मी तिथेच बसून होतो."

"कुठे असतो हा तुमचा मिस्त्री?" शेठने विचारलं. चोराचं नाव त्याला हवंच होतं.

"नाव कुणाला आठवतंय! बरीच वर्षं झाली. नदी ओलांडताना पेटीत पाणी गेलं. पलीकडे रस्त्याला लागूनच पत्र्याची शेड होती. आत एक काटकुळा पोरगा, नुसता तेलाने माखलेला. डबा बाजूला तसाच पडलेला. मी म्हणायचो, बाळा, दोन घास खाऊन घे. तो गाडीखालूनच म्हणायचा, 'आलोच, एवढा बोल्ट बघतो.' मी म्हटलं, अरे, आतलं कोण बघायला जातंय? तर म्हणाला, 'मी बघितलंय ना!'"

ताईच्या चपलांची चुळबुळ थांबली. तो डबा रोज तीच पाठवत असे.

"त्याचे आभार मानायला मागे एकदा मुद्दाम गेलो होतो," आजोबा म्हणाले. "शेडच्या जागी मोठं गॅरेज झालंय. काचेच्या खोलीत कुणी शेठ बसले होते, फोनवर. म्हटलं, यांना काय विचारायचं? यांना कुठला ठाऊक असणार तो!"

शेठच्या हातातली बॅटरी त्या दोन गाठींवरच राहिली. मग त्याने त्या गाठींवरून अंगठा फिरवला.

ताई वाकली आणि तिने गाडीखाली डोकावून पाहिलं. टोमणा तिच्या ओठांवर आला होता, पण भावाचा चेहरा पाहून तिने तो गिळला.

"पेटी गेलीय म्हणालास," ती हळूच म्हणाली.

"खोटं बोललो. घे तू गाडी. आणि तुझी जुनी उद्या आण, मी स्वतः खोलतो."

"बरं. बाहेर ये आता, आजोबा चहाला बोलावतायत."

"आलोच," शेठ म्हणाला. "एवढा बोल्ट बघतो."

घराकडे निघालेले कॅनव्हासचे बूट जागच्या जागी थांबले.