बदकतोंड्याचं कालवण

"आय, बदकतोंड्याचं कालवण करशील?" सातव्या महिन्यातल्या सुनेनं विचारलं आणि मी भडकलेच.

"लाज वाटत नाही? ज्या दर्यानं नवरा गिळला, त्याचंच खायला मागतेस?"

माझा लेक हिराजी होडीतून पडला तो सापडलाच नाही. तेव्हापासून या घरात मी मासा शिजू दिला नाही. कोळीवाडा हसला तर हसला. आणि हिला हवा तो चपट्या चोचीचा मासा, तळचा चिखल उकरून मिळेल ते खाणारा!

तिनं पोटावर हात ठेवला. "मी कुठं मागते? हा मागतोय. बापासारखाच हट्टी."

मी उठले. बंदरावरून मासा आणला, कोयती घेतली. जन्मभर मासे साफ केलेत, पण याच्या पोटात काय निघेल म्हणून ते चिरताना मला डोळे उघडे ठेवता आले नाहीत.