काढलेली चरबी

अपघातानं सोनमचा एक गाल खप्पड झाला होता. तिच्याच पोटाची चरबी काढून त्यात भरायची, म्हणून ती लासुर्ण्याहून बारामतीच्या दवाखान्यात आली होती.

आसावरी सिस्टरनं चरबीच्या सिरिंजा उभ्या ठेवल्या. वर आलेलं तेल, खाली बसलेलं रक्ताळ पाणी आणि जास्तीची चरबी तिनं जाळायच्या कचऱ्यात टाकली.

कामापुरती सिरिंज बर्फात ठेवली, तशी पडद्यामागून सोनम म्हणाली, "सिस्टर, लय गार लागतंय ओ."

आसावरीनं ती उचलून मुठीत धरली.

"हां. आता ऊब आली."

पुन्हा बर्फात ठेवून बघायचा तिला धीर झाला नाही.

तेवढ्यात तो कचरा घेऊन गाडी खिडकीखालून भट्टीकडं निघाली.

"सिस्टर," सोनम पडल्या जागी कळवळली, "गचके का बसत्यात? मला कुठं चालवलंय?"