रॅममधला डंपर

खडीच्या डंपरने यमाजीला भर दुपारी फाट्यावर चिरडलं आणि तो न थांबता निघून गेला. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं.

"पण वहिनी, माझी डिस्क बिघडलीय," दुकानदार हेमंत यमाजीच्या बायकोला, रत्नाला म्हणाला. "रेकॉर्डिंग तात्पुरतं रॅममधी ठेवतो. कॉम्प्युटर चालू हाय तोवर हाय, बंद झाला का सगळं पुसलं."

तपासाच्या पोलीस साहेबांनी हेमंतला फोनवरून दम दिला होता, "मी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. कॉपीसुद्धा करायची नाही."

नवऱ्याचं प्रेत दवाखान्यात सोडून रत्ना कॉम्प्युटरच्या प्लगपाशी येऊन बसली. मोबाईलचा चार्जर लावायला आलेल्या सख्ख्या दिराच्या अंगावर ती धावून गेली, "हात तोडीन तुझा!"

संध्याकाळी साहेब आले. हेमंतने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. साहेबांनीही शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बंद केला की काहीच उरत नाही? नक्की?"

"काहीच नाय, साहेब. म्हणून तर ही बाई दुपारधरनं प्लग राखत बसलीय."



साहेबांनी रत्नाला बाजूला सारलं आणि वाकून प्लग उपटला.