बंद कार्ड

काउंटरवर पाच वस्तू होत्या. पाठ फुगलेला जुना फोन. खोक्यातून नुकताच काढलेला नवा फोन. ट्रे उघडायची पिन. पावती. आणि एक सिम कार्ड. कार्ड जुन्या फोनातून निघालेलं नव्हतं. समोर बसलेल्या काकूंच्या मुलानं त्यांचं ते कार्ड स्वतःच्या पाकिटातून काढून ठेवलं होतं.

"हे नव्यात टाका, बस्स," तो काउंटरवालीला म्हणाला. "आणि आई काहीबाही विचारत बसेल, तिकडे फार लक्ष देऊ नका. हल्ली जरा गोंधळते ती. मी गाडी लावून आलोच."

तो बाहेर पडून दार बंद होईपर्यंत काकूंनी वाट पाहिली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "ते कार्ड नको. फोनाच्या आतलंच सिम मिळतं ना, ज्याला कार्ड लागत नाही? ते करून दे."

"ई-सिम? मिळतं की. पण मग हे कार्ड बंद पडेल, काकू. कायमचं."

"पडू दे. किती वेळ लागेल?"

"वीसेक मिनिटं."

"इथं गाडी लावायला पंधरा लागतात. जरा हात चालव."

कंपनीचा खात्रीचा संदेश आधी त्याच कार्डावर येणार होता. त्यासाठी कार्ड एकदा जुन्या फोनात घालावं लागलं. तेव्हा काउंटरवालीला पिनेच्या भोकाभोवतीचे ओरखडे दिसले. सवयीनं तिनं ते मोजायला घेतले. तिसाच्या पुढे सोडून दिलं. एरवी फोनाच्या अख्ख्या आयुष्यात ट्रे दोन-तीनदा उघडला जातो.

"कार्ड सारखं काढता का तुम्ही?"

"मी कशाला काढू?" काकू म्हणाल्या.

संदेश आला. काउंटरवालीनं होकार दिला. नव्या फोनानं कोड वाचला. आता थांबायचं होतं.

"एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी," काकू म्हणाल्या. "लोकांच्या लेकी त्यांच्या आयांना जोडून दिल्या. माझी लेक लांब असते. सकाळी अकराला मोकळी होते. चार महिने झाले आमचं अकराला बोलणं नाही."

"मग लावायचा ना तुम्ही फोन!"

काकूंनी नवा फोन स्वतःकडे वळवून घेतला.

जुन्या फोनावरचं नेटवर्क गेलं. नव्यावर आधी काहीच नव्हतं, मग एक रेघ आली, मग चार. काउंटरवालीनं दुकानातल्या फोनावरून तो नंबर लावला. काकूंनी डोळे मिटून एक पूर्ण रिंग ऐकली.

"लागली," त्या म्हणाल्या. "आता आवाज बंद करून दे. आणि उद्या अकरानंतर एकदा लावून बघ. नवी लाइन जोडली की दुसऱ्या दिवशी तपासायची असते. आमच्याकडे नियमच होता."

काउंटरवालीनं जुनं कार्ड कापायला कात्री उचलली.

"अगं, थांब! ते नव्या फोनाच्या ट्रेमध्ये घाल."

"त्यात आता काही नाही, काकू. नुसतं प्लास्टिक आहे. फोन त्याला ओळखणारसुद्धा नाही."

"फोनानं नाही ओळखलं तरी चालेल."

मुलगा म्हणाला ते खरंच असावं, असं काउंटरवालीला वाटलं. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. "तुमचा नंबर आता फोनाच्या आत आहे. कार्डात नाही. कळतंय ना?"

"मला कळतंय," काकू म्हणाल्या. "तुला कळतंय का?"

तिला कळलं नव्हतं. तरी तिनं कार्ड ट्रेमध्ये बसवलं. फोनानं कुरकुर करू नये म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तेवढा खाना बंद केला आणि फोन काकूंच्या हातात दिला.

मुलगा घाम पुसत आत आला. "झालं?" त्यानं फोन आईच्या हातातून घेतला, काउंटरवरची पिन उचलली, ट्रे उघडला, कार्ड काढलं, ट्रे परत लावला आणि कार्ड पाकिटात ठेवलं. एवढं सगळं बोलता बोलता. हातांकडे त्याला बघावंही लागलं नाही.

"ताईचे फोन येतात," तो काउंटरवालीला म्हणाला. "तास-तास बोलतात, दोघी रडतात. मग हिचं बीपी चढतं आणि डॉक्टरांची बोलणी मी खातो. म्हणून मी कामावर असलो की कार्ड माझ्याकडे. संध्याकाळी देतो परत, माझ्यासमोर बोल म्हणावं काय ते." त्यानं पाकिटावर थोपटलं. "हे इथं असलं की कुणाचा फोन यायचा नाही, जायचा नाही. बरोबर ना, मॅडम?"

नवा फोन त्यानं काउंटरवर उताणा ठेवला होता. पडद्याच्या कोपऱ्यात चार रेघा होत्या. काकू पावतीची घडी घालत होत्या. घडी घालून झाली, तरी त्या तिच्यावरून नख फिरवत राहिल्या.

काउंटरवालीनं फोन उचलला, खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"त्या कार्डावर कुणाचाही फोन येणार नाही," ती म्हणाली. "त्यावरून कुठे लागणारही नाही."

"बघ, आई. मॅडमसुद्धा तेच सांगतायत."

"हो रे बाबा," काकू खोकं काखेत मारत म्हणाल्या. "मला मेलीला कुठं काय कळतं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी काउंटरवालीनं तो नंबर लावला. व्यस्त. अकरा वीसला व्यस्त. अकरा एकोणचाळीसला व्यस्त. अकरा एक्कावन्नलाही व्यस्त. बारा वाजता रिंग गेली. तिनं लगेच फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: लाइन चालू. व्यस्त, किमान सत्तेचाळीस मिनिटं.