दुसरा डोळा

जोडायच्या खेळण्यातल्या रोबोचं रंगवलेलं मुंडकं टूथपिकवर खोचलेलं होतं आणि टूथपिक बटाट्यात. हात, पाय, छाती, सगळे भाग असेच एकेका बटाट्यावर वाळत होते. खिडकीतून दुपारचं ऊन आत पसरलं होतं. रंगाच्या वासाने खोली जराशी तरंगल्यासारखी वाटत होती.

"संध्याकाळी भाजी कशाची करू?" तिने विचारलं. "घरातले सगळे बटाटे तुमच्या नोकरीला लागलेत."

तिचा नवरा घड्याळजी, घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचा जीव रोबोच्या गुडघ्यांत अडकला होता. खोक्यावरच्या चित्रातला रोबो बंदूक रोखून ताठ उभा होता. त्याने आधी ती बंदूक काढून टाकली होती. मग गुडघे बारीक करवतीने कापले, आत जुन्या मनगटी घड्याळांतली चाकं बसवली आणि पॉलिश पेपरने घासले होते. आता तो वीतभर प्लास्टिकचा गडी खिडकीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसू शकणार होता.

"मी नसताना तुला सोबत," तो म्हणाला.

"हा बोलका दिसत नाही. म्हणजे तुमच्याच घराण्यातला."

उद्या सकाळी त्याला इस्पितळात दाखल व्हायचं होतं. हृदयाचं ऑपरेशन. या आठवड्यात त्याने गळका नळ बदलला होता, कपाटाच्या कुरकुरत्या बिजागरीला तेल घातलं होतं, न सांगता तिच्या चष्म्याचा ढिला स्क्रू पिळून ठेवला होता. घरात करायचं म्हणून काही शिल्लकच ठेवत नव्हता. ती नुसती बघत होती.

त्याने एकेक भाग जोडला. टक्, टक्, सगळे जागच्या जागी बसले. मग बारीक ब्रश आणि हिरव्या रंगाची बाटली त्याने तिच्यापुढे सरकवली.

"डोळे तेवढे तू काढ. आज माझा हात हलतो. एवढं झालं की मी मोकळा."

तिने रोबो हातात घेतला. लग्नाआधी ती बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे रंगवायची. ब्रश बोटांत आला आणि ऊन जुनं झालं. कारखान्यातल्या फळ्यांवर बाहुल्या ओळीने बसल्या होत्या. केस विंचरलेल्या, झगे घातलेल्या, अजून डोळे नसलेल्या, जणू कुणीतरी गोष्ट सांगून नुकत्याच निजवलेल्या. डोळे नेहमी सर्वांत शेवटी. डोळे काढले की बाहुली तिथे राहत नसे. लगेच कागदात, कागदातून खोक्यात, खोकं दाराबाहेर. म्हणून एखादी फार जीव लावून गेली, की मुली तिचे डोळे काढायला मुद्दाम विसरायच्या. मुकादमबाई ओरडायची आणि मुली खाली मान घालून हसायच्या.

तिने एक डोळा काढला. हिरवागार, मध्ये कणभर पांढरा ठिपका. रोबो जागा झाल्यासारखा तिच्याकडे बघू लागला.

तिने ब्रश धुऊन ठेवला.

"अगं, दुसरा?"

"राहिला."

"राहिला कसा? काम अर्धवट टाकून मी कुठे जात नाही."

"ठाऊक आहे मला."

त्याने एका डोळ्याच्या रोबोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कारखान्यातल्या त्या गमती तिने लग्नानंतर कितीदा तरी त्याला रंगवून सांगितल्या होत्या. 

"मुकादमबाई ओरडेल," तो म्हणाला.

"ओरडू दे."

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग फडक्यात धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून आणखी पिळलं आणि बाटली त्याच्या तळहातावर ठेवली.

"आता हे काही माझ्याने उघडायचं नाही."