छत्री मीटरवर धरा!

"अहो, छत्री मीटरवर धरा!" मागे बसलेल्या नवऱ्यावर मी ओरडले. पाऊस लागू नये म्हणून स्कूटरच्या मीटरला बांधलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने उडाली होती. नणंदेकडे श्रावणी शुक्रवारच्या जेवणाला उशीर झाला, तर ती वर्षभर ऐकवते.

तरुणपणी यांच्या मोपेडवर मागे मी बसायचे. पावसात ती बंद पडली की हे हुकूम सोडायचे, "छत्री प्लगवर धर!" प्लग कोरडा राहायचा, मी चिंब. आता इलेक्ट्रिक गाडी माझी, हुकूमही माझा.

तरी चढावर मीटर विझलं, गाडी थांबली. वर पाहिलं तर छत्री माझ्या डोक्यावर!

"हे काय?"

"गाडी दुरुस्त होते गं. तुला सर्दी झाली की काढा मलाच करावा लागतो."

गाडी ढकलत उशिरा पोचलो. नणंद ऐकवत होती. मी कोरडा अंबाडा चाचपत हसत होते.