खामगावातला वीतभर समुद्र

पोवळ्याचा रंग पुन्हा उतरला होता. शरयूने काचेला नाक लावून पाहिलं. दिवाळीत रत्नागिरीहून आलं तेव्हा ते पिकल्या संत्र्यासारखं केशरी होतं. आता त्यावर शेवाळाचा तपकिरी थर चढला होता आणि त्याचं एकही तोंड उघडं नव्हतं.

"संक्रांतीपर्यंत उघडलं नाही, तर शाळेत नेतो," लक्ष्मीकांत म्हणाला. "स्पिरिटच्या बरणीत ठेवू. निदान पोरांना बघायला तरी मिळेल."

संक्रांत बारा दिवसांवर होती. लक्ष्मीकांत शरयूचा नवरा, खामगावातल्या शाळेत शास्त्र शिकवायचा. दुष्ट मुळीच नव्हता. पण शरयूच्या डोळ्यांसमोर ती बरणी उभी राहिली आणि तिला जेवण गेलं नाही.

त्या वर्षी, महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तिला भाऊबीजेला माहेरी जाता आलं नव्हतं. तेव्हा भावानेच माहेर पाठवून दिलं: जिवंत पोवळ्याचा एक दगड आणि समुद्राच्या पाण्याचे दोन बुधले. बोटीने मुंबई, मुंबईहून आगगाडीने जलंब, तिथून खामगाव. लक्ष्मीकांतने खिडकीच्या काचा सुतार वापरतात ती लांबी लावून जोडल्या आणि पेटी केली. पाण्याला हवा हवी म्हणून ट्रकची जुनी ट्यूब आणली. रोज सकाळी मास्तर ती सायकलच्या दुकानात नेऊन फुगवायचे आणि गळ्यात घालून गल्लीतून परत यायचे. मग दिवसभर ट्यूब पाण्यातल्या नळीतून हळूहळू हवा सोडायची आणि समुद्र बुडबुडायचा.

गल्लीने असं काही पाहिलंच नव्हतं. बायका स्वयंपाक टाकून यायच्या. कापसाच्या जिनिंगमधल्या पंजाबरावांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि "खरंच खारट हाय बे" असं प्रत्येकाला सांगत ते थेट बाजारापर्यंत गेले. लग्न होऊन आल्यापासून गप्प गप्प असणारी शरयू त्या दिवसांत इतकी हसली, की तिला उचक्या लागायच्या.

अडचण एकच होती, ती खाण्याची. पोवळं झाड नाही, जीव आहे, त्याला मांस लागतं, असं लक्ष्मीकांतने आईला, गोजरबाईंना, भीत भीत सांगून पाहिलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. समुद्र घरात राहू दे, पण मासळी उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं त्यांनी बजावलं. जीव आहे तर दूध पिईल, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने चमचाभर दूध घातलं. तासाभरात समुद्राची पेज झाली. निम्मं पाणी फेकावं लागलं. त्यानंतर कोणी काही घालायचं नाही असं ठरलं आणि पोवळं उपासाने पांढरं पडत चाललं.

तेव्हा शरयूने धीर केला. आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या तानुबाईकडून तिने मूठभर सुके झिंगे घेतले, कुटले आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात लपवले. दुपारी सासूबाई देवळात पोथीला गेल्या की ती एक चिमूट पाण्यात सोडायची. चार दिवसांत पोवळ्याने तोंडं उघडली आणि रंग परतला. आनंदाच्या भरात तिने दोन चिमटी सुरू केल्या. मग शेवाळ धरलं, तोंडं मिटली. भूक वाढली असेल, असं वाटून तिने तीन केल्या.

आणि आता ही बरणी. त्याच दुपारी शरयूने चार चिमटी घातल्या.

पाचेक दिवस काहीच फरक दिसला नाही. गोजरबाई मात्र त्या थंडीत पहाटे दोनदा आंघोळ करायला लागल्या. धनुर्मासाचं काही व्रत असेल, म्हणून लक्ष्मीकांतने विचारलं नाही. सहाव्या दिवशी शेवाळ विरळ झालं. आठव्या दिवशी एक तोंड उघडलं. आणि संक्रांतीच्या सकाळी सगळा दगड फुलला. केशरी, त्याला पिवळ्या झालरी, आणि बुडबुड्यांत सगळं डुलत होतं.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घ्यायचं विसरल्या. शेजारच्या कोकिळाबाईंनी पोवळ्याला कुंकू लावायला हात पुढे केला, तो शरयूने वरच्या वर धरला आणि दोघी खिदळत खाली बसल्या. लक्ष्मीकांत ज्याला त्याला सांगत होता की आपण पेटी खिडकीपासून दोन बोटं सरकवली, सगळी किमया उजेडाची. सासूबाईंबरोबर पोथीला जाणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, पोथीचं पुण्य. शरयू पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. खरं काय ते तिलाच ठाऊक होतं. चार चिमटींची ही करामत. उद्यापासून पाच घालायच्या, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

दिवेलागणीला बायका पांगल्या. शरयू सासूबाईंना तिळगूळ द्यायला वाकली. गोजरबाईंनी तिळगूळ घेतला, मुलगा ओसरीवर आहे ना ते पाहिलं, आणि सुनेच्या कानाशी आल्या.

"उद्यापासून एकच चिमूट टाकत जाय वं पोरी. रोज पहाटी तुह्ये उरलेले झिंगे पळीनं उपसून उपसून माह्ये हात गारठले."